माणसे वाढली, की गटारे तुंबली?

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर ओसरला, तेव्हा आम्ही आठ-दहा कार्यकर्ते खराटे, फावडी आणि टीसीएल पावडर घेऊन सांगलीच्या नदीकाठच्या एका वस्तीत गेलो होतो. आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी 57 फुटांवर गेले होते. घराघरांत गाळ, भिजलेले धान्य, नाकाला पदर लावून उभ्या असलेल्या आयाबहिणी. आम्ही चिखल उपसत असताना रस्त्यावरून एक गृहस्थ म्हणाले, "ह्या लोकांना पोरे फार. लोकसंख्या वाढते म्हणूनच ही रोगराई."

हे ऐकणाऱ्या बाईला एकच मुलगा होता, आणि तो काविळीने अंथरुणावर होता. गृहस्थ पुढे गेल्यावर ती आम्हांला एवढेच म्हणाली, "दादा, पूर आत्ता आला. नळाला घाण वास उन्हाळ्यापास्नं येतोय."

आम्ही पडलो कारकून. वाद घालण्यापेक्षा हिशेब मांडणे आम्हांला बरे जमते. तेव्हा वाचकहो, जनगणनेचे आकडे पाहा. 2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली. सांगली जिल्ह्याची वाढ 9 टक्के, तर सातारा जिल्ह्याची जेमतेम 7 टक्के. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी 1.7 मुले आहेत. लोकसंख्या आहे तेवढी टिकायलाही 2.1 लागतात. म्हणजे "पोरे वाढली म्हणून रोग वाढले" हे खाते जुळत नाही.

मग वाढले काय? वाढली ती शहरातली दाटी. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून 2001 मध्ये सुमारे 4 लाख 37 हजार माणसे होती. 2011 मध्ये ती 5 लाखांवर गेली. जत, आटपाडी, माण, खटाव हे दुष्काळी तालुके. तिथला मजूर पोटासाठी शहर गाठतो. त्याला परवडणारी जागा कुठली? नाल्याच्या कडेची, पूररेषेच्या आतली. तिथे कोणी हौसेने राहत नाही. एका खोलीत सहा माणसे झोपली की एकाचा क्षय दुसऱ्याला लागतो, हा दाटीचा दोष आहे, माणसांचा नव्हे.

आता नळाचे पाहू. अनेक वस्त्यांत पिण्याच्या पाण्याचा पाइप गटारातून जातो. पाणी दिवसातून तास-दोन तास येते. पाणी बंद झाले की पाइपातला दाब जातो आणि जिथे तो गंजला किंवा सांधा ढिला झाला, तिथून गटाराचे पाणी आत शिरते. दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेबरोबर तेच आपल्या हंड्यात उतरते. कावीळ, विषमज्वर, गॅस्ट्रो हे रोग असे घरात येतात.

नदीचीही तीच कथा. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, माहुली, कऱ्हाड करत सांगलीला येते. वरच्या गावाने सोडलेले सांडपाणी खालच्या गावाच्या घशात जाते. सांगलीचा शेरीनाला कृष्णेतच मिळतो आणि खाली मिरज आहे. 2023 च्या मार्चमध्ये सांगलीजवळ नदीत मेलेल्या माशांचा खच पडला होता. त्या माशांची लोकसंख्या वाढली होती, असे कोणी म्हटले नाही.

सातारा जिल्ह्यातील नायगावच्या लेकीची इथे आठवण होते. पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा सावित्रीबाई फुले रोग्यांच्या सेवेत उतरल्या आणि त्याच रोगाने 10 मार्च 1897 रोजी गेल्या. रोग्याच्या घरात पोरे किती, हे विचारत त्या बसल्या नव्हत्या.

याचा अर्थ लहान कुटुंबाचे महत्त्व आम्हांला नाही, असे कोणी समजू नये. 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांच्या वतीने रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला होता. सभागृहाने तो फेटाळला. कुटुंब लहान ठेवायचे ते आईच्या जिवासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी. गरिबाला दोष द्यायला नव्हे. आजही आपल्या काही घरांत मुलीचे लग्न अठराच्या आत उरकतात. अंगात रक्त नसलेल्या पोरीवर बाळंतपण लादतात. शस्त्रक्रियेची वेळ आली की बाईलाच पुढे करतात. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी असूनही पुरुष मागे सरतात. हा आपल्या घरातला दोष आहे, तो आपणच काढला पाहिजे.

बाकीचे काम चारचौघांत करायचे. नळाच्या पाण्याची ओ.टी. टेस्ट रोज होते का, ते विचारा. औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर त्यात क्लोरीन आहे. गावाच्या पाणीपुरवठ्याला लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळाले, ते ग्रामसभेत जाहीर करायला लावा. पाइप गटारातून जात असेल तर गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही, हे आम्ही कारकून म्हणून सांगतो. तोवर पाणी उकळून प्या. मुलाला जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहा, आणि आरोग्य केंद्र गाठा.

त्या बाईचा मुलगा पुढे बरा झाला. तिच्या दीड महिन्याच्या खाड्यांचे पैसे मात्र कोणीच भरून दिले नाहीत. पुढच्या खेपेस कोणी आपल्या पोरांची मोजदाद करू लागला, तर त्याला हाताला धरून वस्तीतल्या नळापाशी न्या आणि पहिल्या धारेचे पाणी पेल्यात भरून त्याच्या हाती द्या.