ढ कोण आणि हुशार कोण?



दहावी-बारावीचे निकाल लागले की चार-आठ दिवस गावात दुसरा विषय नसतो. पारावर, पिठाच्या गिरणीत, दूध घालायला गेले तिथे, एकच चौकशी. "तुमच्या पोराला किती टक्के पडले?" ज्याला नव्वद पडले त्याच्या घरी पेढे. ज्याचे गणित राहिले त्याच्या घरी चूल पेटते, पण कोणी कोणाशी बोलत नाही. मग बाप रागाच्या भरात म्हणून जातो, "ढ आहे नुसता! याला आता औताला जुंपा."

हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. कदाचित घरात बोललेही गेले असेल. पण जरा थांबून बघा, या एका वाक्यात दोघांचा अपमान आहे. एक पोराचा आणि दुसरा शेतीचा. ज्याला डोके नाही त्याने शेती करावी, असे आपणच म्हणू लागलो, तर बाहेरच्यांनी शेतकऱ्याला काय किंमत द्यावी?

मूठभर माती हातात दाबून ती खाली टाकली की कशी फुटते यावरून वाफसा आला की नाही हे सांगणे, हे डोक्याचेच काम आहे. गाय माजावर आली हे तिच्या हंबरण्यावरून आणि सोटावरून घरची बाई ओळखते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करायचे, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हे तिला कोणी फळ्यावर लिहून शिकवलेले नसते. तिचा अंदाज चुकला तर एकवीस दिवसांचा खाडा पडतो आणि दुधाचे पैसे बुडतात. अशी परीक्षा ती वर्षानुवर्षे देते. तिला गुणपत्रिका मात्र कोणी देत नाही.

बुद्धी मोजायची कशी?

बुद्धी मोजण्याची पहिली उपयोगी चाचणी फ्रान्समध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमाँ यांनी तयार केली. तिचा हेतू लक्षात घेण्यासारखा आहे. शाळेत मागे पडणारी मुले वेळीच ओळखावीत आणि त्यांना जादा मदत द्यावी, यासाठी ती होती. बुद्धी म्हणजे जन्माला येताना ठरून गेलेला आकडा नव्हे, ती मेहनतीने वाढते, असे बिनेंचे म्हणणे होते. पुढे लोकांनी त्याच चाचण्यांचा उपयोग मुलांवर कायमचा शिक्का मारायला केला, ही गोष्ट वेगळी.

१९८३ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे हॉवर्ड गार्डनर यांनी एक पुस्तक लिहून सांगितले की बुद्धी एक नसून अनेक आहेत. भाषेची, गणिताची, संगीताची, शरीर व हात चालवण्याची, जागा आणि आकार ओळखण्याची, माणसे जोखण्याची आणि स्वतःला ओळखण्याची. अशा सात त्यांनी सांगितल्या. नंतर झाडे, जनावरे, निसर्ग ओळखण्याची आठवी बुद्धी त्यात घातली. शिक्षकांना ही मांडणी फार आवडली. मानसशास्त्राच्या अनेक अभ्यासकांना मात्र ती पटलेली नाही. या वेगवेगळ्या बुद्धी खरोखर स्वतंत्र आहेत याला पुरेसा पुरावा नाही, असे ते म्हणतात.

तो वाद विद्वानांनी मिटवावा. आपल्याला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की शाळेच्या तीन तासांच्या पेपरात माणसाचे सगळे डोके मावत नाही.

बाजारातले गणित, शाळेतले गणित

ब्राझील देशातील रेसिफे शहरात काही संशोधकांनी रस्त्यावर माल विकणारी पाच मुले निवडली. त्यांचा अहवाल १९८५ साली प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक होऊन गेले आणि हिशेब विचारत राहिले. मुलांनी शंभरातले ९८ हिशेब बरोबर सांगितले. नंतर त्याच मुलांना तसलीच उदाहरणे कागदावर, नुसती आकडेमोड म्हणून घातली. तेव्हा शंभरातली जेमतेम ३७ बरोबर आली.

त्यातल्या एका नारळवाल्या मुलाला विचारले, ३५ ला एक, तर दहा नारळांचे किती? शाळेत आपण ३५ वर शून्य देतो. त्याने तसे केले नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, आणखी तीन म्हणजे ३१५, वरच्या एकाचे धरून ३५०. वाट वेगळी, उत्तर तेच.

आपल्याकडेही हेच दिसले. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या सुमारे चौदाशे मुलांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी व एस्थर दुफ्लो त्या अभ्यासात होते. बाजारातली मुले गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब तोंडी करत होती, पण शाळेच्या पद्धतीचे साधे गणित त्यांना अडत होते. आणि उलटही खरे निघाले. नुसती शाळेत जाणारी मुले वहीतली गणिते बरी सोडवत होती, पण बाजारचा हिशेब समोर येताच गडबडत होती. म्हणजे दोघांकडे अर्धे अर्धे होते. एका ठिकाणचे ज्ञान दुसरीकडे आपोआप जात नाही. मध्ये कोणीतरी साकव घालावा लागतो.

आपल्या जुन्या शाळांत हा साकव होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे घरातल्या आजोबांना विचारा, अजून काहींना येत असतील. बाजारात पाव-अर्धा-सव्वा-दीड असाच व्यवहार चालायचा, म्हणून शाळेत तेच पाठ करून घेत. १९५७ साली दशमान नाणी आली, मागोमाग किलो आणि लिटर आले, आणि हे पाढे हळूहळू गेले. ते गेले याचे दुःख नको, दशमान पद्धत सोपीच आहे. पण बाजार आणि वही यांचे नाते तुटले, ते मात्र जोडायला हवे.

साडेसतरा क्विंटल कांदा, भाव १,३५० रुपये. मुलगा वहीत गुणाकार मांडील. आजी म्हणेल, दहाचे साडेतेरा हजार, साताचे नऊ हजार साडेचारशे, अर्ध्याचे पावणेसातशे, झाले तेवीस हजार सहाशे पंचवीस. दोघांना एकमेकांची रीत समजावून सांगायला लावा. आजीची रीत आली की मुलाला आकड्याचा अंदाज येतो. मुलाची रीत आली की आजीला पट्टीवरची हमाली, तोलाई, उचल आणि निव्वळ रक्कम तपासता येते.

आखाड्यातली अक्षरओळख

खेळात नुसता जोर चालतो असे म्हणणाऱ्याने पाच मिनिटे कबड्डी नीट बघावी. चढाई करणारा सात जणांचे पाय, नजर आणि साखळी एका दमात वाचत असतो. पुस्तक नसले म्हणून काय झाले? ते वाचनच आहे.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तुम्हाला माहीत आहेत. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याआधी १९४८ साली ते लंडनला गेले, तेव्हा गादीवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांना नवे होते. डाव तेच, पण मातीची भाषा वेगळी आणि गादीची वेगळी. तरी ते सहावे आले. पुढच्या चार वर्षांत त्यांनी ती नवी भाषा शिकून घेतली आणि पदक आणले.

हेलसिंकीची एक हकिकत कुस्तीशौकीन आजही सांगतात. एक दमवणारी कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना लगेच दुसऱ्या कुस्तीला उभे केले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम होता म्हणतात. पण नियमावर बोट ठेवून भांडणारा आपला अधिकारी त्या वेळी तिथे नव्हता. खाशाबा हरले.

ताकद होती, डाव होता, अक्कलही होती. कमी पडला तो नियमाचा कागद आणि तो वाचून दाखवणारा माणूस. हे शेतकऱ्याच्या घरात रोज घडते.

शाळा नको असे कोणी समजू नये

इथपर्यंत वाचून एखादा म्हणेल, "मग बरंच झालं. अनुभव हीच शाळा. पोरगं घरीच राहू दे, पोरगीचंही नाव काढून टाकू." हा अर्थ कृपा करून काढू नका.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर दळता दळता, शेतात काम करता करता त्यांनी रचलेल्या ओव्या आज विद्यापीठात शिकवल्या जातात, आणि जळगावच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. पण त्या ओव्या आपल्यापर्यंत आल्या कशा? मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या माणसांनी त्या कागदावर उतरवून ठेवल्या म्हणून. पुढे आचार्य अत्र्यांनी त्या पाहिल्या आणि १९५२ साली पुस्तक निघाले. जात्यापाशी कोणी लिहिणारे नसते तर त्या गाण्यांचे पीठ वाऱ्यावर गेले असते. अशा किती बहिणाबाई गेल्या असतील, त्याची मोजदाद नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ च्या सुमारास आपल्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवड करत राहिले. त्यातून 'एचएमटी' हा भाताचा वाण तयार झाला. आज तो तांदूळ देशात सर्वत्र विकतो. हा तिसरी शिकलेला माणूस संशोधक होता यात शंका नाही. पण वाण गावोगाव गेला आणि दादाजींच्या घरात गरिबी राहिली. २०१८ साली ते वारले. शेतकऱ्याला स्वतःचा वाण आपल्या नावावर नोंदवता येईल असा कायदा २००१ मध्ये झाला, तोपर्यंत एचएमटी सगळीकडे पोहोचला होता. आता कायदा आहे. पण त्याचा अर्ज भरायचा तर अक्षर लागतेच.

म्हणून म्हणतो, हाताचे ज्ञान हे ज्ञानच आहे, पण त्याला राखण अक्षराची लागते. जनगणनेत नाव साक्षरांत लागले म्हणजे काम झाले असे नाही. सात-बारा वाचता येतो का? बियाणाच्या पिशवीवरची उगवणशक्ती आणि मुदत कळते का? कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी व्याजाचा दर सापडतो का? कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वात विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात कमी. ही खूण निरक्षरालाही वाचता यावी म्हणून केलेली आहे. पण किती पाण्यात किती औषध घालायचे हे बारीक अक्षरातच असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणे अनेक होती. तरी प्रत्येक घरात डबा वाचणारा एकजण असणे ही आता चैन राहिलेली नाही.

आणि पोर शाळेत जाते म्हणजे वाचता येतेच असेही धरून चालू नका. २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणारी मुले निम्म्याहून थोडी कमीच निघाली.

घरी काय करता येईल?

फार काही नको. रोज रात्री जेवणानंतर मुलाला किंवा मुलीला दहा ओळी मोठ्याने वाचायला लावा. औषधाची चिठ्ठी चालेल, खताची पिशवी चालेल, हे साप्ताहिक तर चालेलच. तुम्हाला वाचता येत नसेल तरी ऐका आणि "म्हणजे काय?" असे विचारा. अडखळत असेल तर रागावू नका, शाळेत जाऊन गुरुजींना भेटा.

आठवड्यातून एकदा त्याला बाजाराला न्या आणि हिशेब त्याच्याकडून करून घ्या. टेप धरून वावर मोजायला लावा. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. क्षेत्रफळाचा धडा बांधावर जितका कळेल तितका फळ्यावर कळणार नाही.

गायीच्या माजाची, रेतनाची, जार पडल्याची तारीख मुलीला भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहायला सांगा. आईचे ज्ञान आणि मुलीचे अक्षर एका जागी येईल. मात्र मुलींच्या वाट्याला नुसती धुणी-भांडी आणि मुलांच्या वाट्याला व्यवहार, अशी वाटणी करू नका.

जो मुलगा मोटार खोलून परत बसवतो, जी मुलगी आजारी शेळी लांबून ओळखते, त्यांचे कौतुक घरात चार माणसांत करा. एका विषयात नापास झालेल्याला पुरवणी परीक्षा आहे, आयटीआय आहे, कृषी पदविका आहे. त्याची चौकशी करा. मूल ज्या गोष्टीत हुशार आहे तिथून हात धरून त्याला पुस्तकाकडे आणता येते. "ढ" म्हटलेले पोर मात्र पुस्तकाकडेही येत नाही आणि शेतातही मन लावत नाही.

यंदा तुमच्या घरी कमी गुणांची गुणपत्रिका आली असेल, तर ती पेटीत नीट ठेवून द्या. पुढे लागेल. आणि संध्याकाळी पोराला जवळ बसवून विचारा, "तुला काय चांगलं जमतं, सांग बरं?" उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा.