वर्गणी जयंतीची, पाठपुरावा कुणाचा?

14 एप्रिल जवळ आला की आम्ही पापडीत पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरतो. रिक्षावाला असो की सफाई कामगार, वर्गणीला सहसा कुणी नाही म्हणत नाही. मग 15 एप्रिलपासून ते पावतीपुस्तक वर्षभर कपाटात का पडून राहतं?

2025 च्या मे महिन्यात राज्य सरकारने सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी रुपये ‘लाडकी बहीण’ योजनेकडे वळवले. खुद्द खात्याच्या मंत्र्यांनी उघड नाराजी व्यक्त केली. आम्ही काय केलं? निवेदन दिलं, फोटो काढला, स्टेटसला ठेवला. त्या निवेदनाचं पुढे काय झालं, हे विचारायला आमच्यातलं कुणीही गेलं नाही.

आंध्र प्रदेशात दलित संघटनांनी अर्थसंकल्पातले आकडे काढून वर्षानुवर्षे सरकारपुढे मांडले. 2013 साली तिथे अनुसूचित जाती-जमातींच्या निधीसाठी कायदा झाला. त्याच वर्षी कर्नाटकातही झाला. पण कर्नाटकात कायद्यातल्या पळवाटेतून निधी इतरत्र वळत राहिला. म्हणजे कायदा झाल्यावरही पाठपुरावा सुटत नाही.

बाबासाहेबांनी 1928 साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला निवेदन दिलं. त्यात मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाची आकडेवारी होती. पुढे पुण्यात कमिशनसमोर साक्ष देऊन त्यांनी उलटतपासणीलाही तोंड दिलं. निवेदन याला म्हणतात.

याला पैसा लागतो. तो कुणाचा, हाच खरा प्रश्न आहे. 1978 साली मान्यवर कांशीराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बामसेफ उभी केली ती नोकरदार बांधवांच्या खिशातल्या पैशावर, कुठल्या शेठच्या देणगीवर नव्हे. पुढाऱ्याच्या पैशाने उभ्या राहिलेल्या मंडपात त्याच पुढाऱ्याला जाब विचारता येत नाही.

जयंती थाटात व्हावीच. पण शंभर घरांनी महिन्याला 50 रुपये दिले, तर वर्षाला 60 हजार होतात. त्यात माहिती अधिकाराचे अर्ज, पालघर आणि मंत्रालयाच्या फेऱ्या, अर्थसंकल्प वाचून काढणाऱ्या दोन मुलांचा खर्च सहज भागेल. प्रत्येक अधिवेशनाआधी आमदारांना लेखी प्रश्न देता येतील आणि अधिवेशन संपल्यावर त्यांना उत्तरही मागता येईल. हिशेब दर तीन महिन्यांनी विहारात सर्वांसमोर वाचायचा. ज्याची वर्गणी, त्याला विचारण्याचा हक्क.

मित्रहो, यंदा पावतीपुस्तक कपाटात ठेवू नका.

जयभीम!