जन्मनोंद आणि स्व-ओळख : माजलगाव प्रकरणाचा विचार

समाजाने माणसाला दिलेली ओळख आणि त्या माणसाला स्वतःविषयी असलेली जाणीव यांत विरोध आला, तर प्रमाण कोणाचे मानावे, हा प्रश्न तत्त्वज्ञानात जुना असला, तरी बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे तो २०१७ साली एका रजेच्या अर्जाच्या रूपाने शासनापुढे उभा राहिला. माजलगाव तालुक्यातील राजेगावचे ललित साळवे यांचा जन्म १९८८ सालचा. जन्माच्या वेळी त्यांची नोंद मुलगी म्हणून झाली, त्याच नोंदीप्रमाणे ते वाढले आणि २०१० साली महिला शिपाई म्हणून पोलीस दलात रुजू झाले. पुढे शरीरात जाणवू लागलेल्या बदलांमुळे वैद्यकीय तपासण्या झाल्या, त्यांत वाय गुणसूत्र, म्हणजे सामान्यतः पुरुषांच्या पेशींत आढळणारा आनुवंशिक घटक, असल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली आणि त्यानंतर पुरुष म्हणून सेवेत राहण्याची परवानगीही मागितली. ती नाकारली गेली. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा सेवाविषयक वाद असल्याचे सांगून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे शासकीय कर्मचाऱ्यांचे सेवेसंबंधीचे वाद ऐकणाऱ्या न्यायपीठाकडे, जाण्यास सुचवले. अखेर मे २०१८ मध्ये राज्याच्या गृहविभागाची परवानगी मिळाली, २५ मे रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली आणि ते ललित या नावाने माजलगावात पुन्हा कामावर हजर झाले.

या प्रकरणाची वृत्ते देशभर गाजली. त्याचा विचार मात्र फार थोडा झाला. विरोधकांनी घेतलेले आक्षेप जसे तपासण्याजोगे आहेत, तसेच समर्थकांनी केलेला बचावही तपासण्याजोगा आहे, आणि येथे विशेष आग्रहाने सांगायचे ते दुसऱ्याविषयीच आहे.

पूर्वपक्षाचा, म्हणजे खंडनासाठी प्रथम मांडल्या जाणाऱ्या विरोधी मताचा, पहिला आक्षेप निसर्गाच्या नावाने येतो. स्त्री आणि पुरुष हे निसर्गानेच ठरवून दिलेले दोन वर्ग आहेत, जन्माच्या क्षणी ते ठरतात आणि माणसाच्या मनाला त्यात फेरफार करण्याचा अधिकार नाही, असे हे म्हणणे आहे. यातील चूक अशी की, नवजात बाळाच्या बाह्य अवयवांकडे पाहून सुईणीने किंवा परिचारिकेने काढलेल्या अनुमानालाच येथे निसर्ग म्हटले जाते. लिंग घडवणाऱ्या गोष्टी अनेक आहेत : गुणसूत्रे, अंतःस्रावी ग्रंथींतून पाझरणारी संप्रेरके, शरीरातील प्रजननग्रंथी, बाह्य अवयव आणि या सर्वांबरोबर माणसाला होणारी स्वतःची जाणीव. बहुसंख्य माणसांत त्या एकाच दिशेने जातात, काहींत जात नाहीत. अशा शरीरांना आंतरलिंगी म्हणतात आणि तीही निसर्गानेच घडवलेली असतात. साळवे यांच्या बाबतीत तर डॉक्टरांचे म्हणणे असे होते की, जन्मतः अविकसित असलेल्या अवयवांमुळे मूळ नोंदच चुकली होती. तेव्हा निसर्गाच्या विरुद्ध काही गेले असेल तर ती नोंद गेली, असेच म्हणावे लागते.

साळवे यांच्या बाजूने बोलणारे बहुतेक लोक याच ठिकाणी येऊन थांबले. वाय गुणसूत्र सापडले, म्हणजे ते मुळात पुरुषच होते, म्हणून त्यांची मागणी रास्त, असा हा युक्तिवाद आहे. तो सहानुभूतीचा आहे, त्या प्रसंगी तो उपयोगीही पडला, परंतु तत्त्व म्हणून तो घातक आहे. कारण त्यात माणसाची ओळख सुईणीच्या हातून काढून प्रयोगशाळेच्या हाती दिली जाते, माणसाच्या स्वतःच्या हाती ती येतच नाही. ज्याच्या अहवालात असे काही सापडणार नाही आणि तरीही ज्याची जाणीव तितकीच खोल आणि स्थिर असेल, त्याला हा युक्तिवाद दारातच अडवतो. हीच कसोटी उलट्या दिशेने कशी कापते, हे तमिळनाडूच्या धावपटू शांती सौंदराजन यांच्या उदाहरणात दिसते. २००६ साली दोहा येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ८०० मीटर धावण्यात त्यांनी रौप्यपदक मिळवले आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेण्यात आले. आयुष्यभर स्त्री म्हणून जगलेल्या व्यक्तीला, तू स्त्री नाहीस, असे एका अहवालाने जगासमोर ऐकवले. माजलगावच्या शिपायाला ज्या प्रकारच्या तपासणीने आधार दिला, त्याच प्रकारच्या तपासणीने या खेळाडूचे आयुष्य उद्ध्वस्त केले. उपचार कोणते करावेत हे ठरवण्यासाठी तपासणी आवश्यक आहे, यात शंका नाही; माणूस कोण आहे हे ठरवण्याचा अधिकार तिला देता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व साळवे यांच्या अर्जाच्या तीन वर्षे आधीच सांगितले होते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात १५ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने लिंगविषयक स्व-ओळखीचा हक्क मान्य केला, तो संविधानातील समता, अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क यांवर उभा केला आणि त्या ओळखीसाठी शस्त्रक्रियेची अट घालणे अनैतिक व बेकायदेशीर ठरवले. असे असूनही २०१९ साली संसदेने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा संमत केला, तेव्हा एका कलमात स्वतःला जाणवणाऱ्या ओळखीचा हक्क दिला आणि पुढच्याच कलमांत तिच्यासाठी जिल्हाधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागेल, तसेच शस्त्रक्रियेनंतर स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असल्यास रुग्णालयाचा दाखला लागेल, अशी व्यवस्था केली. जो हक्क दाखल्यावाचून वापरता येत नाही, त्याला स्व-ओळखीचा हक्क म्हणणे कठीण आहे.

दुसरा आक्षेप प्रशासनाचा असून तो पहिल्यापेक्षा अधिक विचारार्ह आहे. पोलीस भरतीत स्त्रिया आणि पुरुष यांच्या शारीरिक पात्रतेचे निकष वेगळे असतात. महिलांच्या जागेवर आलेली व्यक्ती पुरुष म्हणून राहिली, तर नियमाला अर्थ काय उरला आणि एका स्त्रीची जागा गेली त्याचे काय, असा प्रश्न विचारला गेला. स्त्रियांसाठी राखलेल्या जागा दीर्घ संघर्षातून मिळालेल्या असल्याने हा प्रश्न हलक्याने उडवून लावता येणार नाही. परंतु भरतीच्या वेळी साळवे यांनी काहीही लपवले नव्हते; समाजाने आणि शासनानेच त्यांना जी नोंद दिली होती, तीच त्यांनी अर्जात लिहिली. नोंदीतली चूक ज्यांची, त्यांनी तिची किंमत नोंद झालेल्या माणसाच्या भाकरीतून वसूल करावी, हे कोणत्याच न्यायात बसत नाही. भरतीचा निकष उमेदवाराला प्रवेश देताना लावायचा असतो आणि अनेक वर्षे काम केलेल्या शिपायाची योग्यता त्याच्या कामावरून कळते. राहिला महिलांच्या जागेचा प्रश्न, तर ती जागा रिक्त धरून पुन्हा स्त्री उमेदवाराने भरणे ही आस्थापनेच्या हिशेबाची साधी बाब आहे. शेवटी शासनाने परवानगी दिलीच, आणि तिच्यामुळे दलाची शिस्त ढासळल्याचे दिसले नाही.

तिसरा आक्षेप संस्कृतीच्या नावाने केला जातो : व्यक्तीच्या वेगळेपणाचा हा आग्रह पाश्चात्त्य आहे, आपल्याकडे कुळ, जात, गाव आणि घर यांतूनच माणसाची ओळख ठरत आली आहे. या आक्षेपकांनी महाभारत पुन्हा वाचावे. द्रुपदाच्या घरी कन्या म्हणून जन्मलेला शिखंडी पुत्र म्हणून वाढला, पुरुष झाला आणि पांडवांच्या सात अक्षौहिणींच्या सात नायकांत त्याची गणना झाली. त्याला जन्माच्या नोंदीवरून स्त्रीच मानण्याचा हट्ट धरला तो भीष्मांनी. म्हणजे आजचा वाद त्या ग्रंथात दोन्ही बाजूंनी उपस्थित आहे आणि ग्रंथकाराने भीष्मांच्या मताला एकमेव मत म्हणून ठेवलेले नाही. उलट, नोंदवहीच्या जोरावर माणसांना गुन्हेगार ठरवण्याची रीत अलीकडची आणि सत्ताधाऱ्यांची आहे. ब्रिटिशांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजडा समाजाच्या नोंदवहीची तरतूद केली, आणि बीड ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथे १३२९ फसली, म्हणजे इसवी सन १९१९ च्या सुमारास, तसाच कायदा आला. त्यात अशा व्यक्तींची नोंद ठेवण्याची आणि सार्वजनिक जागी स्त्रीवेषात दिसल्यास वॉरंटाशिवाय अटक करण्याची मुभा होती. तो कायदा तेलंगण उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला २०२३ साली. मराठवाड्याने निजामाची राजवट घालवली, पण माणसाचे कपडे पाहून त्याला संशयित ठरवणारी तिची नजर समाजाच्या डोळ्यांतून अजून गेलेली नाही.

याच आक्षेपाचे एक सौम्य रूप म्हणजे व्यक्तित्वाचा विचार ही शहरातील सुस्थित लोकांची चैन आहे, हे मत. बीड जिल्ह्यात तरी ते टिकत नाही. ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून मुकादमाच्या वहीत एक ‘कोयता’ धरले जातात, उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते आणि पहाटेपासून मोळ्या बांधणाऱ्या, डोक्यावरून वाहणाऱ्या बाईचे श्रम तिच्या नावावर कोठेही लागत नाहीत. स्वतंत्र माणूस म्हणून मोजले न जाण्याने काय हरवते, हे या बाईइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल. साळवे यांचा लढाही खेड्यातून आलेल्या एका शिपायाचा होता आणि तो सरकारी रुग्णालयातच पार पडला.

एक आक्षेप समर्थकांच्या गोटातूनही येतो : समाजाचे शिक्के नाकारायचे असतील, तर पुरुष हा दुसरा शिक्का मागून घेण्यात काय साधले? या प्रश्नात तर्क आहे, पण जगण्याची समज कमी आहे. नाव, भाषा, गाव, लिंग यांवाचून कोणीही माणूस जगत नाही. जाच होतो तो दुसऱ्याने लादलेल्या आणि उतरवता न येणाऱ्या ओळखीचा. स्वतः निवडलेले नाव धारण करणे हे समाजापुढे नमणे नव्हे, समाजात स्वतःच्या पायांवर उभे राहणे आहे. ज्याला दोन्ही वर्गांत राहायचे नाही, त्याचा हक्कही याच तत्त्वातून निघतो.

साळवे यांचा २०२० साली विवाह झाला आणि २०२४ च्या जानेवारीत त्यांना मुलगा झाला, तेव्हा वृत्तपत्रांनी आनंदाने लिहिले, आणि तो आनंद योग्यच होता. मात्र संसार आणि संतती यांतून त्यांचे पुरुषत्व सिद्ध झाले, असा जो सूर त्या लिखाणात होता, तो स्वीकारता येत नाही. ते अविवाहित राहिले असते, निपुत्रिक राहिले असते, तरी ललित या नावावरचा त्यांचा हक्क तसूभरही कमी झाला नसता.

रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांमुळे १९३४ साली खटला चालला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले होते. खटला हरला, दंड झाला, तरी माणसाने स्वतःच्या शरीराविषयी प्रश्न विचारणे अश्लील नाही ही भूमिका महाराष्ट्रात तेव्हाच मांडली गेली होती. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर राज्याच्या पोलीस भरतीत तृतीयपंथी उमेदवारांसाठी वेगळ्या पर्यायाची सोय करावी लागली, हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल होय. आता गृहविभागाने आणि इतर सर्व खात्यांनी सेवेत असलेल्या कर्मचाऱ्याचे नाव व लिंगनोंद त्याच्या स्वतःच्या निवेदनावरून, ठरलेल्या मुदतीत आणि वैद्यकीय अहवाल न मागता बदलण्याचा लेखी नियम करावा. साळवे यांना सप्टेंबरपासून मेपर्यंत थांबावे लागले. माजलगावातून किंवा अन्य कोठून येणाऱ्या पुढच्या अर्जदाराला तसे थांबावे लागू नये.