पगार दुबईत, हिशेब वॉशिंग्टनला: परदेशातल्या अमेरिकी नागरिकांना मिळणारी करसवलत नेमकी कुणाच्या कामाची?

दुबईतल्या एका ऑफिसात शेजारीशेजारी बसणारे दोन इंजिनिअर डोळ्यांसमोर आणा. दोघेही पुण्याचे, दोघांचाही पगार वर्षाला दीड लाख डॉलर. फरक फक्त पासपोर्टचा. पहिल्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. तो अनिवासी असल्याने दुबईच्या पगारावर भारत कर घेत नाही आणि संयुक्त अरब अमिरातीत पगारावर प्राप्तिकरच नाही. त्याचा विषय तिथेच संपतो. दुसरा बरीच वर्षं न्यू जर्सीत राहून अमेरिकेचा नागरिक झालेला आहे. त्याने अमेरिका सोडली, पण अमेरिकेचा कर विभाग त्याला सोडत नाही.

जगातले जवळपास सगळे देश तुम्ही कुठे राहता हे बघून कर लावतात. अमेरिका नागरिकत्व बघते, आणि ग्रीन कार्डही. नागरिकत्वावर कर लावण्यात तिच्या जोडीला आफ्रिकेतला एरिट्रिया आहे, बाकी फारसं कुणी नाही. मेक्सिकोत राहणाऱ्या कुक नावाच्या अमेरिकी नागरिकाने या नियमाला आव्हान दिलं होतं. १९२४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. दोनच वर्षांनी, १९२६ मध्ये, परदेशात काम करून मिळवलेलं उत्पन्न करातून वगळण्याची सवलत कायद्यात आली. तीच आज बदललेल्या रूपात सुरू आहे.

सवलत किती आणि कशी?

२०२५ या कॅलेंडर वर्षासाठी १,३०,००० डॉलरपर्यंतची परदेशातली कमाई वगळता येते. मर्यादा महागाईनुसार दरवर्षी बदलते. अट अशी की कामाचं मुख्य ठिकाण अमेरिकेबाहेर हवं आणि सलग १२ महिन्यांत किमान ३३० पूर्ण दिवस परदेशात काढलेले हवेत. दुसऱ्या देशात पूर्ण करवर्षभर खरोखर स्थायिक असणं, हाही एक मार्ग आहे.

३३० दिवसांचं गणित मजेशीर आहे. आपला दुबईकर गणपतीला पुण्यात आला, तर ते दिवस मोजले जातात, कारण अमेरिकेच्या दृष्टीने भारतही परदेशच. तोच बहिणीकडे शिकागोला महिना-दीड महिना राहिला, तर सगळं ओमफस्स होऊ शकतं.

त्याचा हिशेब असा. दीड लाखातून १,३०,००० वगळले, उरले २०,०००. अविवाहित व्यक्तीची १५,७५० डॉलरची प्रमाणित वजावट गेली की करपात्र रक्कम ४,२५० डॉलर. यावर सगळ्यात खालच्या, १० टक्के दराने कर लागेल असं वाटेल. तसं होत नाही. वगळलेली रक्कम खाली आहेच असं समजून उरलेल्या पैशांना वरचा दर लावतात. इथे तो २४ टक्के, म्हणजे १,०२० डॉलर. घरभाड्याची वेगळी सवलत घेतली तर हा आकडाही कमी होतो. एकूण, दुबईत ही सवलत भरपूर कामाची.

मग पुण्यात का नाही?

आता दुसरं उदाहरण. आईवडील एच-१बी व्हिसावर असताना तिकडे जन्मलेली, चार वर्षांची असताना पुण्यात आलेली, आज हिंजवडीत १८ लाखांच्या नोकरीत असलेली मुलगी. तिला अमेरिका आठवतही नाही. पण ती जन्माने अमेरिकी नागरिक आहे, आणि तिचं उत्पन्न तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याने तिने तिथेही रिटर्न भरायचं आहे. सवलत आपोआप मिळत नाही, रिटर्नसोबत फॉर्म २५५५ जोडून ती मागावी लागते. ‘माझा कर शून्यच येतो, मग कशाला भरायचं’ ही समजूत इथेच महागात पडते.

डॉलर ८७ रुपयांचा धरला तर तिचा पगार सुमारे २०,७०० डॉलर. वजावटीनंतर अमेरिकेतला कर जेमतेम ४९० डॉलर होतो. भारतात मात्र नव्या करप्रणालीत ती सुमारे दीड लाख रुपये, म्हणजे १,७०० डॉलर, भरून बसलेली असते. दुसऱ्या देशात भरलेल्या कराचं क्रेडिट घेण्याची वेगळी सोय आहे. तेवढ्यानेच तिचा अमेरिकी कर पुसला जातो, आणि उरलेलं क्रेडिट पुढची दहा वर्षं ओढता येतं. पगार वगळण्याचा मार्ग घेतला तरी कर शून्यच, पण वगळलेल्या पगारावरचं क्रेडिट हातचं जातं. पुढे मुलं झाली, तर मुलांसाठीच्या सवलतीचा रोख परतावाही त्या वर्षी मिळत नाही. शिवाय एकदा घेतलेला पर्याय सोडला, तर कर विभागाच्या परवानगीशिवाय पाच वर्षं तो पुन्हा घेता येत नाही.

त्यामुळे जिथे कर नाही तिथे उत्पन्न वगळा आणि भारतासारख्या ठिकाणी आधी क्रेडिटचा हिशेब करून बघा, हा ढोबळ आडाखा. ऑनलाइन सल्ल्यांत बहुतेकदा फक्त पहिला मार्ग सांगितला जातो.

खरा फटका कुठे बसतो?

फ्रीलान्सरना. पुण्यात बसून क्लायंटची कामं करणाऱ्या अमेरिकी नागरिकाने सगळं उत्पन्न वगळलं, तरी सुमारे १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार कर सुटत नाही. तो सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी असतो. निव्वळ कमाई ४०० डॉलर झाली की तो लागू, आणि भारतात भरलेल्या प्राप्तिकराचं क्रेडिटही त्याला चालत नाही. अनेक देशांशी अमेरिकेचे सामाजिक सुरक्षेचे करार आहेत, त्यामुळे तिथल्या लोकांची यातून सुटका होते. भारताशी असा करार नाही, भारताने वर्षानुवर्षं मागणी करूनही.

एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं, शेअर विकून झालेला नफा यांनाही ही सवलत नाही. ती फक्त श्रमाच्या कमाईला आहे. भारतीय म्युच्युअल फंडांना तर अमेरिकेत वेगळे, बरेच जाचक नियम लागतात.

आणि परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी ती माहिती स्वतंत्रपणे कळवावी लागते. आईबरोबरचं जॉइंट खातंही त्यात येतं. लपवण्याला फारसा अर्थ उरलेला नाही. २०१५ च्या भारत-अमेरिका करारानंतर इथल्या बँका अशा खात्यांची माहिती देतात. खातं उघडताना ‘तुम्ही अमेरिकेचे करदाते आहात का’ असं विचारतात ते त्यामुळेच.

नियम बदलणार का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणूक प्रचारात, डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशातल्या अमेरिकी नागरिकांवरचा दुहेरी कर संपवण्याचं आश्वासन दिलं. त्याच डिसेंबरमध्ये रिपब्लिकन खासदार डॅरिन लाहूड यांनी राहण्याच्या ठिकाणावर कर आकारण्याचं विधेयक मांडलं. ती संसद जानेवारीत विसर्जित झाली तेव्हा ते मंजूर झालेलं नव्हतं.

तोवर जुनंच वेळापत्रक. परदेशात राहणाऱ्यांना रिटर्नसाठी १५ एप्रिलऐवजी १५ जूनपर्यंत मुदत मिळते. कर निघत असेल तर व्याज मात्र एप्रिलपासूनच धरलं जातं.