अजिंठा ‘उरकणाऱ्यां’विषयी

महाविद्यालयीन अभ्याससहलींचे वेळापत्रक एकदा शांतपणे वाचून पाहावे. सकाळी अजिंठा, परतीच्या वाटेवर बीबी का मकबरा, वेळ उरलाच तर खरेदी. लेणी तीस, त्यांच्या वाट्याला दोन तास, म्हणजे दर लेण्यास चार मिनिटे, आणि त्यातच पादत्राणे काढणे-घालणे. यास आमच्या साहित्य विभागांत ‘अभ्यास’ म्हणतात. मूळ संहिता न वाचता गाइडवर परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याची निर्भर्त्सना करणारी प्राध्यापक मंडळी येथे मात्र स्वखुशीने गाइडच्या मागे धावतात, हे आम्हांस विनोदी वाटत नाही.

चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना तेथे वेळ हवा, साहित्यवाल्यांना कशाला, असा एक युक्तिवाद ऐकू येतो. तो साफ चुकीचा आहे. अजिंठा ही वाचावयाची गोष्ट आहे. दुसऱ्या लेण्यात आर्यशूराच्या ‘जातकमाले’तील श्लोक भिंतीवर लिहिलेले आहेत. सोळाव्यात वाकाटक नृपती हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा संस्कृत शिलालेख आहे. दहाव्यातील दानलेख तर प्राकृतात आहे. मराठीच्या उगमावर व्याख्याने देणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यापुढे क्षणभर पाय रोवले? याच लेण्यात १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. त्याची परंपरा आम्ही अधिक निष्ठेने चालवली, असे खेदाने म्हणावे लागते.

आणि चित्रांतील कथनाचे काय? सतराव्या लेण्यातील सिंहलाची कथा भिंतभर पसरली आहे. ती डावीकडून उजवीकडे, घटनाक्रमाने वाचू गेल्यास हाती काही लागत नाही. कारण अजिंठ्याचा चित्रकार पुष्कळदा काळापेक्षा स्थळ प्रमाण मानतो: एका ठिकाणी घडलेले प्रसंग, मध्ये कितीही काळ गेला असो, तो शेजारी-शेजारी मांडतो. दृष्टीला मागे-पुढे फिरावे लागते. कथनशास्त्राच्या तासाला पाश्चात्त्य कादंबऱ्यांतील कालविपर्यासाची उदाहरणे देऊन आम्ही थकतो, आणि पंधराशे वर्षांपूर्वीचे हे उदाहरण चार मिनिटांत ओलांडतो! सोळाव्यातील ‘मरणासन्न राजकन्या’ घ्या. अभ्यासक तिला आता नंदाची पत्नी सुंदरी मानतात. पती भिक्षू झाला हे त्याचा मुकुट पाहून कळताच ती कोसळते. अश्वघोषाचे ‘सौंदरनंद’ हेच कथानक सांगते. काव्य आणि भिंत एकत्र वाचण्याची ही संधी कोणत्या अभ्यासक्रमात आहे?

आता परिसराविषयी. आजचा प्रेक्षक कड्याला धरून बांधलेल्या वाटेने पहिल्या लेण्यापासून चालत जातो व आपण आरंभापासून आरंभ केला असे समजतो. क्रमांक जागेप्रमाणे दिलेले आहेत. सर्वांत जुनी लेणी, नववे व दहावे, मध्यभागी आहेत. पूर्वी वाघोरेच्या पात्रातून लेण्यांकडे स्वतंत्र पायऱ्या चढत. सोळाव्या लेण्याच्या खालच्या प्रवेशाशी कोरलेले हत्ती त्या जुन्या वाटेचे साक्षीदार आहेत. नदीकाठी उतरल्याविना, समोरच्या डोंगरावरून ती नालाकृती दरी एकवार न्याहाळल्याविना, ही मांडणी उमगणे अशक्य.

घाटमाथ्यावरील अजिंठा गावी तर कोणी वळतच नाही. ना. धों. महानोरांचे ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य आम्ही शिकवतो, रॉबर्ट गिल आणि पारोची कहाणी विद्यार्थी रंगून ऐकतात. त्या पारोची कबर त्याच गावात आहे. ती १८५६ साली गेली. गिलने तिच्या हयातीत केलेल्या बऱ्याच प्रतिकृती पुढे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्मसात झाल्या.

माणसे रेंगाळली तर श्वासाने, दमटपणाने चित्रे बिघडतील, हा आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. पण त्याचा रोख घाईवर असावयास हवा. शंभर जणांचा जथा एकदम आत कोंबणारी सहलच अधिक अपायकारक. पंधरा विद्यार्थी, तीन दिवस, मुक्काम पायथ्याच्या फर्दापुरात. रोज दोनच लेणी, बाकी वेळ नदीकाठी टिपणे आणि वाद. खर्च वाढेल, हे खरे. मग एका चर्चासत्राच्या शाली-श्रीफळांत काटकसर करावी. लेणी सोमवारी बंद असतात. शुक्रवारपासून रविवारपर्यंत ती पाहून सोमवारी अजिंठा गाव गाठता येईल.