‘खरी माय कोण?’ असं विचारणाऱ्या खिडकीला



“खरी माय कोण हाय हिची?”

रुग्णालयाच्या खिडकीतून हा प्रश्न आला तेव्हा रांगेत पंचवीस-तीस माणसं होती. ज्या बाईला तो विचारला, तिच्या कडेवर चार वर्षांची मुलगी आणि हातात प्लास्टिकची फाईल. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यातलं हे बौद्ध जोडपं. मुलीच्या हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली म्हणून मजुरी बुडवून आलेलं. आम्ही सोबत होतो. फाईलमध्ये जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश होता. खिडकीतले साहेब म्हणाले, हा कलेक्टरचा कागद आहे, दत्तकाला कोर्टाची ऑर्डर लागते. नाहीतर संमतीपत्रावर जन्म देणारीची सही आणा. आणि लगेच पुढचा प्रश्न, “मग जात कोणती लावायची पोरीची?”

हर्नियाला जात लागते हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आधी कायद्याचं बोलू. बाल न्याय कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. ती 1 सप्टेंबर 2022 पासून लागू आहे आणि तिने दत्तक आदेश देण्याचा अधिकार कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला. त्याआधीच्या मुलांकडे कोर्टाचा आदेश असतो, तोही तितकाच पक्का. याच कायद्याचं कलम 63 सांगतं की आदेशाच्या तारखेपासून मूल सर्व बाबतींत दत्तक आईबापाचंच, जणू त्यांच्याच पोटी जन्मलेलं. सर्व बाबतींत म्हणजे ऑपरेशनच्या संमतीपत्रावरही. जन्म देणारीची सही मागणं हे नुसतं चुकीचं नाही, ते अशक्य आहे. तिची ओळख गोपनीय असते आणि या आईबापालाही ती माहीत नसते.

साहेबांना कायदा माहीत नव्हता, हे आम्ही समजू शकतो. पण ज्याला माहीत नसतं तो हळू आवाजात विचारतो, वरिष्ठांना फोन करतो. रांगेला ऐकू जाईल असा ‘खरी माय’ हा शब्द अज्ञानातून येत नाही. तो येतो रक्तातून माणूस ओळखायच्या सवयीतून. कोण कोणाच्या पोटी जन्मलं यावर माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था म्हणजेच जातव्यवस्था. म्हणून माय विचारली की पाठोपाठ जात येते. हे दोन प्रश्न नाहीतच, एकच आहे.

आणि हे कुठल्या जिल्ह्यात? 2011 च्या जनगणनेत जिथे सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे 855 मुली होत्या, ‘बेटी बचाओ’ योजनेच्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत ज्याचं नाव घालावं लागलं, तिथे. पोटातली मुलगी नको म्हणणाऱ्यांना कुणी खरं-खोटं विचारत नाही. नको असलेल्या मुलीला हवी म्हणणाऱ्या बाईला मात्र भर रांगेत उलटतपासणी.

जोतिबा-सावित्रीमाईंनी यशवंतला घेतलं तेव्हा मूल ब्राह्मण विधवेचं होतं. जोतिबांनी 1887 च्या मृत्युपत्रात त्याला वारस केलं. तरी 1890 मध्ये जोतिबा गेले तेव्हा दत्तक मुलगा म्हणून भाऊबंद आडवे आलेच, आणि टिटवं सावित्रीमाईंनी स्वतः धरलं. तोच यशवंत डॉक्टर झाला आणि 1897 च्या प्लेगात त्याने आईसोबत रोगी सांभाळले. आजच्या खिडकीवर सावित्रीमाई उभ्या असत्या तर त्यांनाही सही नाकारली असती काय?

आता आपल्या घरात येऊ, कारण बोट फक्त खिडकीकडे दाखवणं सोपं आहे. आपल्याकडे भावाचं, बहिणीचं लेकरू घेतात आणि स्टॅम्पवर नोटरी करून मोकळे होतात. काही जण तेवढंही करत नाहीत. मग योजनेच्या कागदांसाठी रेशन कार्डावर नाव लागतं तेव्हा धावपळ सुरू होते. नात्यातल्या दत्तकासाठी 1956 चा कायदा आहे. त्याच्या नावात ‘हिंदू’ आहे म्हणून आपली पोरं नाक मुरडतात, ते आम्हाला कळतं. पण त्यात बौद्धांचा स्पष्ट समावेश आहे. 14 ऑक्टोबरला दीक्षा, 6 डिसेंबरला महापरिनिर्वाण आणि 21 डिसेंबरला हा कायदा. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं, त्याचाच हा एक तुकडा. मुलगी दत्तक घेता येणं आणि जातीची अट जाणं, हे त्यातूनच आलं. तेव्हा दुय्यम निबंधकांकडे जाऊन दत्तकपत्र नोंदवा. मूल पंधरा वर्षांच्या आतलं हवं, हे लक्षात ठेवा.

आणि दवाखान्यातून ‘नको असलेलं’ बाळ कुणी परस्पर देत असेल तर ते घेऊ नका, मन कितीही विरघळलं तरी. कलम 80 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे त्या बाळाला आयुष्यभर एकही खरा कागद मिळत नाही. बाल कल्याण समितीला कळवा.

डॉक्टर मंडळींनाही एक सांगायचं आहे. विदर्भात सिकलसेल आहे आणि आपल्या समाजात तो जास्त आढळतो, हे जुनं सत्य आहे. म्हणून ‘घरात कोणाला आहे का’ हा प्रश्न योग्यच. पण दत्तक आईकडे त्याचं उत्तर नसतं. संस्थेने दिलेल्या वैद्यकीय अहवालातही तो रकाना अनेकदा कोराच असतो. अशा वेळी आईला खोदून काढू नका, लेकराचं रक्त तपासा. तपासणी होते, तिला आजोबा-पणजोबा लागत नाहीत.

आमची मागणी एवढीच आहे. जिल्हा शल्य चिकित्सकांनी प्रत्येक नोंदणी खिडकीला लेखी सूचना काढावी की दत्तक आदेश किंवा आईबापाच्या नावाचा जन्मदाखला पुरेसा आहे, आणि दत्तक हा शब्द केसपेपरवर लिहायचा नाही. निवेदन तयार आहे. तालुक्यातालुक्यातून सह्या हव्यात.

त्या दिवशी दीड तास वाद घालून, कायद्याची प्रत मोबाईलवर दाखवून सही बापाचीच झाली. ऑपरेशन झालं. मात्र केसपेपरच्या कोपऱ्यात लाल पेनाने ‘दत्तक’ लिहिलं होतं. आम्ही तो परत केला आणि नवा काढून घेतला. सोमवारी पुन्हा तपासणीला जायचं आहे. आईने फाईल आताच पिशवीत घालून ठेवली आहे.