गुन्हा कबूल करण्यापूर्वी

अमली पदार्थांच्या खटल्यात आरोपीचे भवितव्य बहुधा न्यायासनापुढे येण्याआधीच वजनकाट्यावर ठरलेले असते. १९८५ च्या कायद्यानुसार एक किलोपर्यंत गांजा हे अल्प प्रमाण. त्यास शिक्षा फार तर एक वर्ष सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोंहून अधिक झाल्यास दहा वर्षांखाली शिक्षा नाही आणि कलम ३७ मुळे जामीनही दुर्लभ. एमडी नावाच्या भुकटीचे अल्प प्रमाण तर अवघे दोन ग्रॅम आहे!

म्हणून काय तोलले, हे पाहणे अगत्याचे. कायद्याने गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. फुलोऱ्यावेगळी पाने व बिया गांजा नव्हेत. पोत्यातला सारा पाला एकत्र तोलला असेल तर वकिलाने तेथेच हरकत घ्यावी. भुकटीत मात्र ही वाट बंद आहे. भेसळीसह संपूर्ण वजन धरावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हिरा सिंग खटल्यात दिला.

कधी कलमच सैल पडते. रिया चक्रवर्ती यांना जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले की, एखाद्या खरेदीपुरते पैसे देणे म्हणजे अवैध व्यापारास अर्थपुरवठा नव्हे. मुंबईच्या पर्यटक नौकेच्या प्रकरणात २०२१ साली अटक झालेल्या आर्यन खान यांच्यावर पुढल्या वर्षी पुराव्याअभावी आरोपपत्रच दाखल झाले नाही. त्यांच्यामागे नामांकित वकिलांची फळी होती. धरमपेठेतल्या बंगल्यात धुणीभांडी करणाऱ्या माउलीच्या मुलामागे कोण उभे राहणार?

आरोप अल्प प्रमाणावर आला की खटला दंडाधिकाऱ्यापुढे संक्षिप्त रीतीने चालू शकतो. मग न्यायालयाच्या ओसरीवर कोणीतरी शहाणा सांगतो, 'कबूल करून टाक, दंड भर आणि घरी जा.' बंधुभगिनींनो, हा सल्ला घातक आहे. कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि सरकारी नोकरीच्या चारित्र्यपडताळणीत ती पुढे उभी राहते. ज्या घरातला पहिलाच मुलगा पदवीपर्यंत पोहोचला, त्या घराला त्या दंडाची खरी किंमत तेव्हा कळते.

शिवाय कबुली कोणत्या कलमाखाली, यात मोठा भेद आहे. सेवनाच्या कलम २७ खाली दोषी ठरलेल्यास परिवीक्षेवर सोडता येते. बाळगण्याच्या कलम २० खाली, अठरा वर्षे उलटली असल्यास, कलम ३३ ती वाट अडवते. अल्प प्रमाणातील व्यसनी आरोपीस कलम ३९ नुसार त्याच्या संमतीने, शिक्षेऐवजी उपचारार्थ बंधपत्रावर सोडता येते. पण जो व्यसनी नाही, मित्रांच्या नादाने एकदाच खिशात पुडी ठेवून सापडला, त्यास कलम ३९ लागू नाही आणि परिवीक्षाही नाही. सर्वांत कमी दोषी माणूस सर्वांत उघड्यावर पडावा, हा या कायद्याचा विपरीत परिणाम आम्हांस मुळीच मान्य नाही. व्यसनी मुलाने स्वतः होऊन मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतल्यास कलम ६४-अ त्याला अशा खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते.

१९९० पासून बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला आहे, आणि १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जातींच्या व्यक्तींस तसेच कोठडीतील कोणासही उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, आणि तो आरोप वाचून दाखवून 'कबूल आहे काय?' असे विचारले जाण्यापूर्वी करावा.